टाकी, मोटर आणि रविवार

शनिवारी सकाळी चहा झाला की मी खोका काढतो. बायकोच्या लेखी तो भंगाराचा खोका, माझ्या लेखी लॅब. काय नाही त्यात? दोन जुने राऊटर, एक रास्पबेरी पाय, डझनभर जंपर वायरी, तीन जळके बोर्ड (का कोण जाणे, टाकवत नाहीत), रिले, सेन्सर आणि तपकीर गल्लीतून 'लागेल कधीतरी' म्हणून आणलेल्या असंख्य वस्तू, ज्या कधीच लागल्या नाहीत. हापिसात आठवडाभर जे काम करतो ते मीटिंगमध्ये सुरू होतं आणि मीटिंगमध्येच संपतं. त्याला हात लावता येत नाही. खोक्यातल्या वस्तूंना येतो. दिवा लागला तर लागला, नाही लागला तर नाही. कुणाला स्टेटस द्यायचं नसतं.

हे वेड तुमच्यापैकी अनेकांना असणार, त्यामुळे समजावून सांगत बसत नाही. आणि हल्ली ते परवडतंही. २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला बोर्ड म्हणून आर्डुइनो निघालं, २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला, आणि २०१४ मध्ये ईएसपी८२६६ नावाची वायफायवाली चिनी चिप आल्यावर तर घरातली कुठलीही वस्तू इंटरनेटला जोडायला हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा कमी खर्च येऊ लागला. जोडायची गरज आहे का, हा प्रश्न वेगळा. आमच्या हॉलमधला दिवा मी मोबाईलवरून लावतो. फोन उघडा, अ‍ॅप उघडा, ते चक्र गरगर फिरू द्या, मग दिवा. एकूण सात सेकंद. आई बटण दाबते. :-)

तर ही गोष्ट त्या दिव्याची नाही, पाण्याच्या टाकीची आहे.

आमची सोसायटी सिंहगड रोडच्या बाजूला. दोन विंग, ९६ फ्लॅट. पाणी आधी खालच्या टाकीत येतं आणि पहाटे मोटर लावून गच्चीवरच्या टाक्यांत चढवायचं. हे काम रात्रपाळीच्या वॉचमनकाकांचं. साडेतीनला उठायचं (म्हणजे 'उठायचं' असं आपण म्हणतो, ड्युटीवर झोपायचं नसतंच), मोटर चालू करायची, पावणेदोन तासांनी बंद करायची, मधेच ए विंगचा व्हॉल्व बंद करून बी विंगचा उघडायचा. काका मूळचे लातूरकडचे, पन्नाशी उलटलेले. गावाकडे दीड एकर कोरडवाहू.

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. एका पहाटे काकांचा डोळा लागला आणि टाकी दीड तास वाहत राहिली. टँकर मागवायचे दिवस. सकाळी सात वाजता सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गच्चीवरून पडणाऱ्या धबधब्याचा व्हिडिओ आला आणि आठपर्यंत सत्तर मेसेज. एजन्सीने काकांच्या पगारातून पाचशे रुपये कापले. सोसायटी एजन्सीला माणशी महिना सगळं धरून २२ हजार देते, काकांच्या हातात १४ हजार पडायचे. तीस दिवस, रोज बारा तास. म्हणजे त्या एका डुलकीची किंमत एका दिवसाच्या पगारापेक्षा थोडी जास्तच झाली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि वाईट वाटलं की इंजिनिअर माणूस जे करतो तेच मी केलं. खोका काढला.

*

पुढचे दोन-तीन वीकएंड मी गच्चीवर होतो. योजना सोपी होती. टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा. तो आवाजाचा ठोका खाली सोडतो, पाण्यावरून परत आलेला ऐकतो, मधला वेळ मोजतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन एका सेंटीमीटरला ५८ मायक्रोसेकंद लागतात. शाळेतलं भागाकाराचं गणित. वेळावरून अंतर, अंतरावरून पाणी किती चढलं ते, आणि टाकी भरली की रिले मोटर बंद करणार.

पहिल्याच शनिवारी काका रात्रीची ड्युटी संपवून वर आले. पायरीवर बसून माझे उद्योग बघत होते.

"काय करायलाव सर?"

"टाकीला मीटर बसवतोय काका. पाणी किती चढलं ते आपोआप कळेल."

"ते तर पायपाला कान लावला की कळतंय की."

मी हसलो. ते हसले नाहीत. मला पायपापाशी नेलं आणि ऐकवलं. टाकी रिकामी असते तेव्हा पाणी वरून तळाला आपटतं, धबाधबा वाजतं. भरत आली की आवाज 'बसतो'. शेवटच्या वीतभर पाण्याला नुसती गुळगुळ राहते. मग म्हणाले, "आन् खालची टाकी सपली की मोटर हलकी पळती. गाडीतला माल उतरल्यावर बैलं कशी पळत्यात, तशी. तवा लगी बंद कराय पाहिजे, न्हाईतर जळती."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पंपाला पाणी मिळालं नाही की त्यावरचा भार कमी होतो, करंट उतरतो, आणि कोरड्या चालण्याने सील जळतं. पण माझ्या डिझाईनमध्ये ते नव्हतंच. मी फक्त टाकी वाहू नये एवढाच विचार केला होता, मोटर कोरडी पळेल हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी करंट मोजणारा एक क्लॅम्प मागवला आणि कोडमध्ये एक अट घातली: करंट अमुकच्या खाली वीस सेकंद राहिला तर मोटर बंद. ती अट काकांची आहे. पुढे मी सगळा कोड गिटहबवर टाकला, रीडमी फाईलमध्ये कुठल्या कुठल्या लायब्ररी वापरल्या त्यांच्या लेखकांचे आभार मानले. काकांचं नाव तिथे नाही. मला तेव्हा सुचलंही नाही.

बाकी तांत्रिक हालअपेष्टा थोडक्यात सांगतो. साधा सेन्सर टाकीतल्या वाफेने आठ दिवसांत आंधळा झाला, मग वॉटरप्रूफ आणला. त्याला अगदी जवळचं दिसत नाही, वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आत पाणी आलं की काहीही आकडे फेकतो, म्हणून तो एका पाईपच्या तुकड्यावर उंच बसवला. गच्चीवरचं वायफाय बेसमेंटमधल्या पंपरूमपर्यंत पोचेना (मधे अकरा स्लॅब!), म्हणून लोराचे रेडिओ मोड्यूल आणले. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे लायसन लागत नाही. एक बोर्ड मी स्वतःच्या हाताने प्लस-मायनस उलट जोडून जाळला. स्टार्टरच्या पॅनेलला मात्र हात लावला नाही, ते काम रीतसर इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. तुम्हीही तसंच करा. ४१५ व्होल्टला शौक कळत नाही. आणि एवढं सगळं करून शेवटी खबरदारी म्हणून टाकीत अडीचशे रुपयांचा फ्लोट स्विच टाकला, जो आमच्या आजोळच्या वाड्यात तीस वर्षांपूर्वीही होता. असो.

आता महत्त्वाचं. चाचण्या चालू असताना टाकी तीनदा वाहिली. एकदा तर पूर्ण दोन तास, म्हणजे काकांच्या रेकॉर्डपेक्षा अर्धा तास जास्त. मी ग्रुपवर 'सॉरी मंडळी, बग सापडला आहे' असं टाकलं. उत्तरादाखल टाळ्यांचे बारा इमोजी आले. 'ग्रेट एफर्ट!' 'सोसायटीत असे लोक हवेत!' माझे पाचशे रुपये कुणी कापले नाहीत. कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. माझ्या तरी कुठे आलं?

विषमतेबद्दल आपण बरंच वाचतो. मार्च २०२४ मध्ये वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा अभ्यास आला होता, २०२२-२३ साली भारतातल्या वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नातला २२.६ टक्के आणि संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा. आकडा मोठा आहे, पण खरं सांगायचं तर असा आकडा वाचून मला बरंच वाटतं. कारण तो एक टक्का म्हणजे कुणीतरी दुसरे, अँटिलिया वगैरेवाले. मी बापडा मध्यमवर्गीय, ईएमआय भरणारा. पण माझ्यात आणि काकांच्यात जे अंतर आहे ते मला त्या आकड्यांत दिसलं नव्हतं, ते वाहणाऱ्या टाकीत दिसलं. तेच पाणी, तीच टाकी. माझी चूक म्हणजे प्रयोग आणि त्यांची चूक म्हणजे दंड.

आमच्या चौकाजवळ एक टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्तीवाला आहे. त्याच्या हातातलं सोल्डरिंग बघाल तर माझ्या कामाला सोल्डरिंग म्हणायची लाज वाटेल. माझ्याकडे तापमान दाखवणारं साडेचार हजारांचं सोल्डरिंग स्टेशन आहे, त्याच्याकडे दोरीने बांधलेली साधी गन. मी एकदा उगाच उत्साहात त्याला म्हटलं, तुम्ही पण घरी काही गंमत म्हणून बनवत असाल ना? तो म्हणाला, "घरी गेल्यावर स्क्रूड्रायव्हर डोळ्यांसमोर नको वाटतो." मागे एका गिऱ्हाईकाच्या टीव्हीचं पॅनेल त्याच्या हातून गेलं, ते त्याने स्वतःच्या खिशातून भरून दिलं. दोन महिन्यांची कमाई. म्हणजे तो आणि मी एकच काम करतो. मला ते केल्याने ताजंतवानं वाटतं, कारण बिघडलं तरी माझं काही बिघडत नाही. 'फेल फास्ट' असं आमच्या क्षेत्रात मोठ्या कौतुकाने म्हणतात. ते म्हणायला आधी महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार पडावा लागतो.

*

जूनमध्ये यंत्र नीट चालू झालं. काका खूष होते. "बरं झालं सर, पहाटंचा घोर गेला." मीही खूष होतो.

सप्टेंबरात वार्षिक सभा झाली. चेअरमनसाहेबांनी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आणि मी (सवयच ती) चार स्लाईड बनवून नेल्या. तिसरी स्लाईड होती 'फायदे'. पाणी इतकं वाचलं, वीज इतकी वाचली, आणि शेवटचा मुद्दा: 'मनुष्यबळ – रोज साधारण ३ तास बचत'. हा मुद्दा मी का घातला? तर स्लाईड जरा रिकामी दिसत होती म्हणून. आठवड्याला अशा दोन स्लाईड मी हापिसात बनवतो. हात आपोआप चालतो.

मागच्या रांगेतून एक सभासद उठले. सज्जन माणूस, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "मग रात्री दोन वॉचमन कशाला हवेत? सीसीटीव्ही आहे, आता मोटरही आपोआप चालते." महिना २२ हजार, वर्षाला २ लाख ६४ हजार. कुणीतरी टाळी वाजवली. विषय दहा-बारा मिनिटांत मंजूर झाला. त्यानंतर गणपतीच्या वर्गणीवर पाऊण तास वाद झाला.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं बरंच होतं. हे यंत्र मी काकांचा दंड वाचावा म्हणून बनवलं होतं, त्यांची नोकरी वाचवण्याचा किंवा घालवण्याचा त्याच्याशी संबंध नव्हता. ते तीन तास मी वाचवले असतील, पण ते तास माझे नव्हते, काकांचे होते. हे सगळं मला घरी येऊन, जेवताना सुचलं. सभेत मी माझ्या कौतुकाच्या धुंदीत होतो, आणि खरं तर भीतही होतो. कोण वाईटपणा घेणार?

महिनाअखेरीस एजन्सीने काकांना चाकणकडच्या साईटवर टाकलं. आमच्याकडून दोन बस आणि मग चालत. जाताना ते भेटायला आले. मी पाकीट पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "पावसात गच्चीवरल्या त्या डबीला प्लास्टिक बांधा सर. खालच्या बाजूनं पाणी जातंय."

*

आता तुम्ही म्हणाल, मग काय यंत्रं बनवूच नयेत? अजिबात नाही. पहाटे साडेतीनला उठून बटण दाबण्यात कसलीही 'श्रमाची प्रतिष्ठा' वगैरे नाही, आणि असल्याच्या गप्पा दुसऱ्याच्या झोपेवर मारू नयेत. मी ते यंत्र उद्या पुन्हा बनवीन. माझं भांडण यंत्राशी नाही, तिसऱ्या स्लाईडशी आहे. वाचलेला वेळ ज्याचा वाचला त्याच्याकडे का जात नाही? तीन तास काकांचे वाचले तर काकांना तीन तास विश्रांती, असं साधं उत्तर का नाही? उत्तर एकच निघालं: तीन तास वाचले म्हणून पूर्ण बारा तासांचा माणूस काढा. या हिशोबात काहीतरी गफलत आहे हे चौथीतल्या मुलालाही कळेल, पण त्या हॉलमध्ये निम्मे इंजिनिअर आणि दोन सीए होते, एकालाही कळलं नाही.

दुसरा एक युक्तिवाद नेहमी येतो. कॉम्प्युटरलाही लोकांनी विरोध केला होता, तेव्हा ऐकलं असतं तर आज आपण कुठे असतो? खरं आहे. माझ्या पोटापाण्याचा धंदाच मुळी त्यावर उभा आहे. पण ती गोष्ट अर्धीच सांगितली जाते. ऐंशीच्या दशकात बँकांमधल्या संघटनांनी नुसता विरोध केला नाही, तर १९८३ साली बँकांच्या व्यवस्थापनाबरोबर बसून यांत्रिकीकरणाचा करार केला. काय, कुठे, किती वेगाने, हे ठरवताना ज्यांचं काम बदलणार होतं ते टेबलाच्या पलीकडे बसले होते. आमच्या सभेत तो मुद्दा मांडणारे काका त्याच बँकेच्या नोकरीतून सुखरूप निवृत्त झालेले, पेन्शन घेणारे. आणि ज्यांच्याबद्दल ठराव झाला ते वॉचमनकाका त्या वेळी खाली गेटवर होते. सभासदांच्या गाड्या नीट लावून घेत होते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या सुब्रह्मण्यन साहेबांचं ९० तासांचं आणि रविवारी काम करण्याचं वक्तव्य बाहेर आलं. दोन्ही वेळा आपण (म्हणजे मी, तुम्ही, लिंक्डइन) केवढे खवळलो! वर्क-लाइफ बॅलन्स, मानसिक आरोग्य, सगळं झालं. बरोबरच होतं ते. पण बारा साते चौऱ्याऐंशी. आपल्या गेटवरचा माणूस मूर्तींच्या कितीतरी पुढे आहे, नव्वदला सहाच तास कमी. आणि तो हे देशाच्या प्रगतीसाठी करत नाही, आपली पार्सलं घेण्यासाठी करतो. आपण खवळून पोस्ट टाकत होतो तेव्हाही तोच पार्सल घेत होता.

कायद्यात आठवड्याची सुट्टी आहे. महाराष्ट्रात तर खाजगी सुरक्षारक्षकांसाठी १९८१ सालचा वेगळा कायदा आहे. कायद्यांची कमतरता नाही. आमच्याकडे कुणी कधी विचारलं नाही, एवढंच.

आणि हा रविवार तरी आपल्याकडे कुठून आला? इंग्रजांनी चर्चला जाण्यासाठी दिला, असं मला लहानपणी वाटायचं. मुंबईच्या गिरण्यांतल्या कामगारांना रविवार मिळाला तो नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्र चालवणारा माणूस. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना काढली, सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या आणि मागणी लावून धरली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे मी ज्या दिवशी खोका उघडून बसतो, ज्या दिवशी हे लिहितोय, तो दिवस कुणीतरी भांडून आणलेला आहे. गंमत म्हणजे लोखंड्यांनी ज्यांच्यासाठी भांडण केलं त्यांचे नातू-पणतू सोसायटीच्या गेटवर असण्याची शक्यता बरीच, आणि सुट्टी मात्र माझ्याकडे.

हे सगळं मी परक्याच्या दुःखाबद्दल लिहितोय असं समजू नका. यंदा आमच्या मॅनेजरने सगळ्यांना एक एक्सेल शीट पाठवलं. आपण रोज करतो ती कामं लिहा, प्रत्येकाला किती वेळ लागतो ते लिहा, आणि एआयने त्यातला किती वाचेल याचा अंदाज शेवटच्या रकान्यात भरा. शीट बघताक्षणी मी ओळखलं. अरे, ही तर माझीच तिसरी स्लाईड! मी रकाना भरला. पायपाला कान लावून मला जे जे कळतं ते सगळं प्रामाणिकपणे लिहून दिलं. फरक एवढाच की माझ्या बाबतीत ठराव झालाच तर दोन महिन्यांचा नोटीस पिरियड असेल, आणि निरोपाच्या पोस्टखाली 'प्राउड ऑफ यू' लिहिणारे दोनशे लोक असतील.

*

सप्टेंबर २०२५ च्या सभेला मी एक विषय दिला. उरलेल्या तीन वॉचमनना आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी, त्या दिवशी एजन्सीचा बदली माणूस, खर्च सोसायटीचा. या वेळी एकच स्लाईड होती. २२ हजार भागिले ३० म्हणजे दिवसाचे ७३३, महिन्याला चार दिवस, तीन माणसं, एकूण ८,८०० रुपये. भागिले ९६ फ्लॅट. घरटी ९२ रुपये महिना. खाली लिहिलं होतं की आपण आधीच वर्षाला २ लाख ६४ हजार वाचवतोय आणि ते ज्या यंत्रामुळे वाचले ते माझं आहे, निदान अर्धं माझं आहे, त्यामुळे त्यातले काही मागायचा मला हक्क आहे.

विषय सहज पास झाला असं वाटलं असेल तर तुम्ही सोसायटीत राहत नाही. तासभर चर्चा झाली. 'सवय लागेल.' 'सुट्टीच्या दिवशी ते दुसरीकडे ड्युटी करतील.' (करतीलही. तुम्ही शनिवारी फ्रीलान्सिंग करता तसं.) 'मग हाउसकीपिंगवाल्या मावशीही मागतील.' यावर मात्र मी म्हटलं, हो, मागायलाच हव्यात. निवृत्त बँकवाले काका बराच वेळ गप्प होते. ते शेवटी म्हणाले की आम्हालाही शनिवार मिळवायला फार वर्षं लागली, करून बघा तीन महिने. त्यांच्यामुळे पास झाला, माझ्या स्लाईडमुळे नव्हे. नोव्हेंबरपासून सुरू झालं.

पहिल्याच रविवारी सकाळी सहाला फोन. बी विंगला पाणी नाही. बदलीवर आलेला पोरगा नवीन, त्याला व्हॉल्व माहीत नाही, आणि माझं यंत्र मोटर लावतं-बंद करतं, व्हॉल्व फिरवत नाही. (व्हर्जन दोनमध्ये घेणार होतो. ते राहिलंच.) मी स्वेटर घालून पंपरूममध्ये गेलो. व्हॉल्व जाम. मी आणि तो पोरगा दोघांनी जोर लावला, हलेना. ज्यांची पहिली सुट्टी होती त्यांना उठवायचा धीर होईना. शेवटी चाकणला फोन लावला. काका ड्युटीवरच होते.

"काका, बी विंगचा व्हॉल्व उघडत नाहीये."

"कुन्या बाजूनं फिरवायलाव?"

"डावीकडे. नेहमीसारखा."

"त्याचे आटे उलटे हायेत सर. उजवीकडं फिरवा. आन् जोर नका लावू, टिचकी मारून हळू."